सांभाळायला दिलेलं घर

निरोप द्यायला आमच्या गावाला भारी आवडतं. माझी मैत्रीण आईवडिलांसोबत इस्रायलला निघाली, तेव्हा अख्खी आळी रेवसच्या बोटीपर्यंत गेली होती. बायकांचे पदर डोळ्यांना, पुरुषांच्या हातात नारळ. गोष्टीच्या पुस्तकात माणसं बोटीत बसली की गोष्ट संपते. ही माणसं सव्वा वर्षात परत आली, तेव्हा धक्क्यावर चिटपाखरूसुद्धा नव्हतं.

गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ते बेणे इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, हे मला फार उशिरा कळलं. गावाला ठाऊक एवढंच, की शनिवारी यांचा घाणा बंद. पिढ्यान्‌पिढ्या आमचे शेजारी. जाताना तिच्या वडिलांनी घराची चावी माझ्या बाबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "दादा, तेवढं घर सांभाळा."

बाबांनी सांभाळलं! दोन महिन्यांत त्यांच्या माजघरात आमच्या सुपारीची पोती गेली, पुढच्या पडवीत आमच्या म्हशी. चौकटीला त्यांची एक लहानशी डबी तिरपी ठोकलेली होती, आत देवाचं वचन. मैत्रीण जाता-येता तिला बोटं लावून ओठांना लावायची. पोती आत नेताना अडकते म्हणून बाबांनी ती उचकटून फेकून दिली. मी बघत होते.

तिकडे आपला रंग आणि आपली रीत कुणाला पटली नाही, एवढंच परत आल्यावर मैत्रीण बोलली. बाबांनी त्यांना अंगणातच अडवलं.

"तुमाला तुमचा देस मिलाला ना? मंग आता हिकडं कशाला?"

आणि मोठी दया आल्यासारखं करून त्यांना मागची पडवी दिली. त्यांच्याच घराची! तिची आई तिथे तीन दगड मांडून भात शिजवू लागली.

मी बारा वर्षांची होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चार जाणत्या माणसांबरोबर मैत्रिणीच्या अंगणात बसले होते. मी त्यांच्यासमोरच माजघरातून पोतं ओढत आणलं, तोंड सोडलं आणि उपडं केलं. सुपाऱ्या अंगणभर.

"ह्ये घर कुनाचं हाय? सांगा की!"

दरवर्षी याच घरात त्यांच्या मलिद्याच्या प्रार्थनेनंतर गोड पोहे हादडणारी ती माणसं पायाचे अंगठे बघत बसली. बाबांनी अशी मुस्काटात दिली की कान वाजला. मैत्रीण धावत आली. मला वाटलं, माझ्या बाजूने उभी राहील. ती खाली बसली आणि सुपाऱ्या भराभर गोळा करू लागली.

"गप ऱ्हा गं," ती पुटपुटली. "आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

मला तिचाही राग आला. मी दुसरं पोतं ओढलं, मग तिसरं. तेव्हा कुठे एका म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द फुटला, "दे रं त्यांचं त्यांना."

बाबांनी दोन खोल्या मोकळ्या केल्या. दोनच. माजघर आमच्याकडेच राहिलं, आणि त्यानंतर कुणी ते मागितलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी दोन मुलांची आई होते. तेराव्याला मंडळी जमली. अंगणातल्या त्या चौघांतलाच एक जाणता गहिवरून म्हणाला, "केवढं मोठं मन त्यांचं! परत आलेल्या लोकांना आपल्या घरात आसरा दिला."

आपल्या घरात!

मैत्रीण बायकांत बसली होती. सकाळपासून आमच्याकडे तांदूळ निवडायला आली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाराव्या वर्षी मी कुणाच्या बापाला भीत नव्हते, स्वतःच्याही नाही. पण आता समोर भाऊ होते, सासरची माणसं होती, आणि मला चांगली लेक म्हणवून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणाले, "बाबांचं मन मोठंच होतं."

तिने मान खाली घातली आणि तांदळातले खडे वेचू लागली.