तीन पाय पांढरे

आप्पांनी उभं आयुष्य दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम धरून काढलं. पन्हाळ्यावर फिरायला आलेल्या पावण्यांना घोड्यावर बसवायचं, तटाकडेनं एक फेरी मारून आणायची, उतरवायचं, फोटो काढून द्यायचा. संध्याकाळी घोडा आणि गल्ला दोन्ही मालकाच्या दारात. मालक हातावर टेकवेल ते आमचं. भर पावसात गडावर धुक्याशिवाय काही दिसायचं नाही, तेव्हा मालक घोडे खाली घेऊन जायचा आणि आप्पा मिळेल त्या रोजगाराला. आई एका लॉजवर भांडी घासायची. शाळेत मी घातलेला पहिला बूट त्याच लॉजवर कुणीतरी विसरून गेलेला होता. पुढं कागद कोंबून मी तो झिजेपर्यंत वापरला, आणि वर्गात कुणी हसलं तर सरळ सांगायचे, "मोठा हाय, पण फाटका न्हाई."

पावणे विचारायचे, "घोडा तुमचाच का?" बाकीचे घोडेवाले बेधडक "व्हय" म्हणायचे, कारण मालक म्हटलं की गिऱ्हाईक हात सैल सोडतं. आप्पा म्हणायचे, "न्हाई जी, मालकाचा हाय." मी शेजारी असले की मला राग यायचा. एकदा म्हटलंही, "आमचा म्हणा की. कोण बघायला येतंय?"

"घोड्याला ठाऊक हाय की," आप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक बसलं ते बसलं. शिकायचं, नोकरी धरायची, आणि आप्पांना एक दिवस "आमचा हाय" म्हणता आलं पाहिजे, तेही खोटं न बोलता.

कॉलेजला रोज एसटीनं कोल्हापूरला यायचे. पहिल्याच वर्षी एक मैत्रीण मिळाली. तिचं घर फुलेवाडीच्या पुढं, म्हशींचा मोठा गोठा, घरचं दूध. डब्यात माझ्यासाठी जादा भाकरी आणायची आणि मी नको म्हटलं की ओरडायची, "खा की गं! मी काय विष घालतो काय तुला?" तिच्याशी मी जेवढं बोलले तेवढं सख्ख्या भावंडाशी कुणी बोलत नसेल. बुटाचं सांगितलं, लॉजचं सांगितलं, "मालकाचा हाय" तेही सांगितलं.

तिनंच मला मोबाईलवरचा घोड्यांचा खेळ लावला. आभासी तबेला, त्यात आभासी घोडी गोळा करायची. दोघींचं मिळून एकच खातं, नंबर तिचा. आता सांगताना हसू येतं, पण त्या खेळानं जीव खाल्ला. काही तासांनी चारा टाकला नाही की घोडी माना टाकणार. चारा टाकायच्या आधी जाहिरात बघायची, जाहिरात संपेपर्यंत नेट जाणार, आणि चारा गेला वाया. तबेला भरला की जागा वाढवायला पैसे मागणार. हवं ते शिंगरू काही केल्या येणार नाही, तीच ती तपकिरी घोडी मात्र पुन्हा पुन्हा येणार, लग्नात एकच भेटवस्तू चार पावण्यांनी द्यावी तशी. वाघबिळाच्या वळणावर रेंज जायची, म्हणून मी त्याच्या आधीच एसटीत उभ्या उभ्या चारा टाकून घ्यायचे. आप्पा बघायचे आणि म्हणायचे, "न खाणाऱ्या जनावराला एवढं चारतीस, खाणाऱ्या बापाला च्या तरी कर."

अखेर आम्हाला चंदेरी आयाळीचं एक शिंगरू मिळालं. ते मी वाढवलं. परीक्षेच्या दिवसांतही त्याचा चारा चुकू दिला नाही. एके सकाळी उघडून बघते तर ते जाग्यावर नाही. त्याच्या जागी पंखांचा एक घोडा. मैत्रिणीनं कुणा अनोळखी माणसाशी अदलाबदल केली होती. अदलाबदलीत भाव यावा म्हणून आधी शिंगराचा रंगही बदलला होता, खेळात तशी सोय होती.

"विचारायचं तरी होतंस," मी म्हटलं.

"अगं, खेळ हाय त्यो! जीव हाय काय त्याला?"

जीव नव्हता, हे खरंच होतं. मी पंखांच्या घोड्याला चारा टाकला.

पदवी झाली. आमच्या घरातलं ते पहिलं प्रमाणपत्र. आईनं ते देवाजवळ ठेवलं आणि वास लागेल म्हणून उदबत्ती लांब सरकवली. मला कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी लागली, आई-आप्पांना खाली आणलं, रंकाळ्याच्या अलीकडं दोन खोल्या घेतल्या. मैत्रिणीनं ब्यूटी पार्लर काढलं. नवरीच्या मेकअपला तिचा हात धरणारं कुणी नाही, हे मी आजही म्हणेन.

मग जयसिंगपूरकडच्या एका टांगेवाल्यानं घोडी विकायला काढल्याचं आप्पांच्या कानावर आलं. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा टिळा, डाव्या कानाचं टोक जरासं फाटलेलं, आणि चारपैकी तीन पाय पांढरे. चारी पाय पांढरे आणि कपाळही पांढरं असलं तर ती पंचकल्याणी, शुभ, वरातीला मानाची. तीनच पांढरे असले की तीच खोड. बघायला आलेला माणूस पाय मोजून परत जायचा. म्हणूनच ती आमच्या आवाक्यात आली, आणि तीही निम्मीच. निम्मा वाटा मैत्रिणीनं घेतला. तिचा गोठा होता, माझे आप्पा होते. आप्पांनी एकच अट घातली, "वरातीला द्यायची न्हाई. डॉल्बीपुढं जनावर येडं हुतंय." मैत्रीण म्हणाली, "काका, तुमच्या शब्दाभाईर न्हाई मी."

कुणी विचारलं की आप्पा सांगायचे, "निम्मी आमची हाय." निम्मीच म्हणायचे. मला तेवढ्यावरही भरून यायचं.

वाट्यातलं जनावर पाळणं म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. आठवड्यातले दिवस वाटून घेतले होते. मैत्रिणीच्या दिवशी मी सहज गेले तर पाण्याचं घमेलं कोरडं, खाली ओलं तसंच, खरारा केलेला नाही, आणि बाई घोडीच्या गळ्यात गळा घालून फोटो काढतायत. "शेण काढलंस का?" विचारलं की म्हणायची, "आत्ता नखं केलीत गं, संध्याकाळी काढतो." संध्याकाळ उगवायची नाही. भिजवलेले हरभरे तिच्याकडच्या दिवशी कधी आंबायचे, कधी भिजायचेच नाहीत. मोबाईलवर मात्र आमच्या घोडीला हजारभर लोक बदाम पाठवायचे. आप्पा दोन्ही वाट्यांचं काम करायचे. मी भांडायला उठले की मला थांबवायचे, "जागा तिची हाय, पोरी. आन् घोडीला दिवस कुणाचा ते कळत न्हाई."

एकदा भावकीतल्या लग्नासाठी आई-आप्पा गावी गेले आणि त्याच सुमारास आमच्या संस्थेत ऑडिट लागलं. मैत्रिणीनं आपणहून सांगितलं, "तू तुझं बघ, घोडी मी बघतो की." मला केवढं बरं वाटलं होतं!

आप्पा परत आले तेव्हा घोडीच्या चौथ्या पायाला, खुराच्या वर, पट्टी बांधलेली. "कुंपणाची तार लागली," मैत्रीण म्हणाली. पट्टी सोडली तर सगळीकडून कातडी सोललेली आणि पाणी सुटलेलं. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "काही लावलं होतं का याला?" मैत्रीण म्हणाली, "हळद लावलती." डॉक्टरांनी मलम दिलं. आप्पा दोन्ही वेळ पाय धुऊन मलम लावायचे. घोडी पाय उचलू द्यायची नाही. ज्या माणसाच्या हातात ती डोळे मिटून उभी राहायची, त्याच्याकडं बघून कान मागं पाडायला लागली.

त्यानंतर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाई आपल्या भाच्याच्या वरातीचा व्हिडिओ दाखवत होत्या. डॉल्बी, दिवे, आणि नवरदेव घोडीवर. मी म्हटलं, "आमच्या घोडीसारखीच हाय की. फक्त आमचीचे तीनच पाय पांढरे." बाई म्हणाल्या, "न्हाई गं, ही पंचकल्याणी होती. नवरीचा मेकअप करणारीनंच ठरवून दिलती."

मी फोन हातात घेतला. घोडीनं आवाजाला घाबरून मान फिरवली. डाव्या कानाचं टोक फाटलेलं होतं.

डबा उघडाच ठेवला. तशीच उठून पार्लरवर गेले. एक गिऱ्हाईक तोंडाला लेप लावून डोळे मिटून पडलं होतं.

"पायाला काय लावलंस?"

तिनं एकदा त्या गिऱ्हाइकाकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ब्लीच हाय गं. बायका तोंडाला लावून घेत्यात."

"बायका जळजळलं की सांगतात."

"जरा जास्त येळ ऱ्हायलं. वरातीची घाई होती. आन् एका दिवसाचं तर काम होतं, नवं केस तांबडंच आलं असतं. तुझ्याबी वाट्याचं ठेवलंय मी."

"आप्पांना शब्द दिलतास."

"अगं, काकांचं काय घेऊन बसलीस! त्यांस्नी कळलं असतं काय?"

लेप लावलेल्या बाईनं एक डोळा उघडून आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटला. माझ्या वाट्याचे पैसे तिनं पाकिटात घातले होते. मी ते तिथंच ठेवून आले.

आप्पांना सांगितलं. ते घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तार न्हवती तर मग."

जखम भरली. त्यावर नवे केस आले, आणि ते पांढरे आले. कातडी भाजली की तिथं बऱ्याचदा पांढरेच केस येतात, डॉक्टरांनी सांगितलं. चौथा पाय आता कायमचा पांढरा. जिला खोडीची म्हणून कुणी विचारत नव्हतं, ती लोकांच्या नजरेत पंचकल्याणी झाली.

मैत्रिणीचा चेहरा उजळला. "बघ, देवाच्याच मनात होतं!" म्हणाली. आणि मला न सांगता कागलकडचा एक घोडेवाला गिऱ्हाईक म्हणून गोठ्यात आणून उभा केला. वराती करणारा माणूस, अंगठ्या घातलेला, बोलायला गोड. घोडी विकायची, किंमत निम्मी निम्मी, असं तिचं ठरलेलंच होतं. आप्पा आणि मी चारा घालायला पोचलो तेव्हा तो घोडीच्या दातांवरून पायांवर आला होता.

"काय पावणं," त्यानं आप्पांना विचारलं, "चारी पाय जन्माचंच पांढरं न्हवं?"

मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. डब्यातली भाकरी पुढं सारताना बघायची, अगदी तसंच. त्या नजरेची मला अजून चीड येते.

आप्पा म्हणाले, "तीन जन्माचं. चौथा भाजल्याला हाय."

"कशानं भाजला?"

"माणसानं."

तो माणूस हसला, हात झटकले, "मग आमच्या कामाची न्हाई," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

मैत्रीण आप्पांवर उसळली. मी तिला कितीदा चिडलेलं बघितलं होतं, पण त्या दिवशी ती बोलली ते माझंच मी तिच्याजवळ ठेवायला दिलेलं होतं. "काका, ह्या असल्या खरेपणापायीच जन्मभर दुसऱ्याचा लगाम धरलासा! पोरीच्या पायात लॉजवरचा बूट घातलासा! अजून अक्कल आली न्हाई?"

ब्लीचचं मी कदाचित विसरले असते. शिंगराचं तर विसरलेच होते. पण कॉलेजच्या बाकावर, कुणी ऐकू नये म्हणून कानात सांगितलेली गोष्ट तिनं माझ्या बापाच्या तोंडावर फेकली.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. "बूट मोठा हुता, बाई," ते म्हणाले, "पण फाटका न्हवता."

म्हणजे माझं शाळेतलं उत्तर त्यांना ठाऊक होतं. कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

"ठेवा मग तुमची खोडीची घोडी!" ती म्हणाली. "माझा वाटा टाका, आन् गोठा मोकळा करा."

तिचा वाटा मी पगारातून दिला. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "खेळाचं खातं तुला पायजे काय?" मी नको म्हटलं. त्या तबेल्यातली घोडी आता उपाशी असतील किंवा कुणाकुणाकडं गेली असतील. आम्ही दोघी एकाच गावात राहतो. रस्त्यात दिसलो तर ती फोनकडं बघते आणि मी समोर.

आमच्या घराच्या मागं पत्र्याचं छप्पर टाकून घोडीला जागा केली. पाय उचलू द्यायला तिनं फार दिवस घेतले. आधी आईला उचलू दिला, मग आप्पांना. मला अजून देत नाही.

आप्पा रोज संध्याकाळी तिला रंकाळ्यावर नेतात आणि पोरांना फेऱ्या मारून आणतात. कुणी चारी पांढरे पाय बघून पंचकल्याणी म्हटलं की ते दुरुस्त करतात, तीन जन्माचे, चौथा भाजलेला. आणि घोडी कुणाची, असं विचारलं तर सांगतात, "आमची हाय."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि आप्पा आमच्या घरातले पहिले घोड्याचे मालक. घोडी पूर्ण आमची आहे.