चौकटीवरची हळद

परवा एका कलादालनात ओळखीचं चित्र भेटलं. करड्या रंगावर तीन काळे फराटे, बाकी काही नाही. आमच्या शेजारच्या कुसुममावशींचं चित्र. म्हणजे काढलेलं दुसऱ्याचं, जपलेलं त्यांनी. ज्यांना अजून कोणी ओळखत नाही अशा चित्रकारांची चित्रं मावशी आयुष्यभर विकत घेत राहिल्या, आणि चित्र घेऊन आलेल्याला जेवल्याशिवाय कधी सोडलं नाही.

नवं चित्र आलं की त्या ते आधी स्वयंपाकघरात टांगत. "दिवाणखान्यात काय, काहीही चांगलं दिसतं," त्या म्हणत. "महिनाभर भाजी निवडताना समोर राहिलं आणि तरी कंटाळा आला नाही, तर ते खरं." तिरकी झालेली चौकट त्या फोडणीच्या हातानेच सरळ करत.

हे चित्र मावशी होत्या तोवर स्वयंपाकघरातून बाहेर गेलंच नाही. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात मावशींच्या अंगठ्याचा पिवळा ठसा अजून होता. दालनातली मुलगी मोठ्या प्रेमाने लोकांना समजावत होती, "हा पिवळा ठिपका चित्रकाराने मुद्दाम चौकटीवर ठेवलाय. चित्र तिथून बाहेर पडतं."

अगं, ती हळद आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलले असते तर कोणीतरी ओलं फडकं घेऊन आलं असतं. मावशींनी जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या भिंतीवर लावल्या. त्यांची स्वतःची ही एवढीच होती.