दिवस बुडेपर्यंतचा कायदा

बंदूक, चोर आणि कायदा हे तिघं एकाच गोष्टीत आले की तुम्ही सरसावून बसणार, मला माहीत आहे. शेवटी मोठ्ठा आवाज होणार अन् एकजण आडवा पडणार, असंच ना? आवाज होतो. कशाचा, ते मी आत्ता सांगत नाही. आधी मामा ऐका. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कायद्यावर माझ्या थोरल्या मामांइतकं प्रेम कोणी केलं नसेल. वकिलांनी नाही, न्यायाधीशांनी नाही, अन् चोरांनी तर नाहीच नाही.

रोहण्याला मामांची भाजीची वाडी होती. रानडुकरांपासून पीक राखायला सरकारनं त्यांना ठासणीच्या बंदुकीचं लायसन दिलं होतं. डुकरांना बहुतेक हे कळवायचं राहून गेलं. ती बंदूक ठासायला इतका वेळ लागे, की डुक्कर तोवर पोटभर खाऊन, जरा लोळून निघून जाई. ती नेमकी लागली ती एकदाच, मामीच्या नव्या माठाला. अन् हेच मामा, घरी कोंबडा कापायचा असला की मारुतीच्या देवळात जाऊन बसत, आणि रश्श्याचा वास तिथपर्यंत आला की मगच उठत.

बांधाच्या भांडणापायी ते आर्वीच्या कोर्टात जात. तिथं एका वकिलाच्या मुनशीनं चहाच्या बदल्यात त्यांना सांगितलं, की रात्री घर फोडून शिरलेल्या चोराला मालकानं जिवानिशी मारलं, तरी कायदा मालकाच्या बाजूनं उभा राहू शकतो. झालं. मामा एसटीतून उतरले तेच वीतभर उंच होऊन. मुनशी ‘घर’ म्हणाला होता, म्हणून त्यांनी वाडीतल्या झोपडीत खाट टाकली आणि वाडीचं घर केलं. कुंपणावर पाटी लावली: ‘रात्री चोरी करणारास जिवे मारण्यात येईल. हुकुमावरून.’ हुकूम कोणाचा, हे पेंटरनंही विचारलं नाही. मग दर बाजारात, मेथीच्या जुडीबरोबर मामा गिऱ्हाइकाला कायदा फुकट देत. एक भुवई वर, एक खाली, आवाज पोटातून: “रात्री, बाप्पा. दिवसा नाई. दिवसा मारलं तं आपन फासावर. रात्री मारलं तं तो मेला.” मी ही नक्कल केली की आई हसता हसता आपल्याच भावासाठी वाईट वाटून घ्यायची.

आता तुम्ही विचाराल, पाटीनं चोऱ्या थांबल्या का? थांबल्या की. रात्रीच्या साफ बंद झाल्या. चोर दिवसा येऊ लागले.

असाच एक गणपत नावाचा लुकडा माणूस हिवाळ्यात एका दुपारी भरताची वांगी तोडताना सापडला. मी तेव्हा सुट्टीत मामांकडेच होतो, आदल्या रात्रीपासून वाडीतल्या झोपडीत मुक्कामाला. मामांनी बंदूक रोखली.

“आता काऊन आला बे?”

“तुमीच तं सांगतलं भाऊ, दिवसा मारता येत नाई म्हनून.”

मामा जरा विचारात पडले. मग म्हणाले, “बस इथंच. दिवस बुडू दे.”

“पन चोरी तं म्या दिवसा केली.”

“म्हनूनच तं बसवलं.”

बाजारातून परतणारे लोक बांधावर टेकले. कोणी बिडी पेटवली, कोणी फुटाण्याची पुडी सोडली, तीत माझाही हात. “आज भाऊचा कायदा पाहाले भेटते,” एक म्हातारा म्हणाला. इथवर सगळ्यांना मजा वाटत होती, गणपतलाही. पण सूर्य निंबाच्या शेंड्याला टेकला तसा त्याचा चेहरा उतरला. आणि मामांचा त्याहून जास्त. इतकी वर्षं बाजारात सांगितलेलं आता सगळ्यांसमोर करून दाखवायचं होतं. नाही केलं तर पाटी खोटी, केलं तर चार वांग्यांसाठी एक माणूस जाणार.

“पानी पेतो का?” मामांनी विचारलं.

“नाई भाऊ.”

मामांनी स्वतःच अख्खा गडवा रिकामा केला. “मी आता तिकडं तोंड करून बसतो,” ते म्हणाले. “पळून नोको जाजो बरं.”

“नाई पळत भाऊ. तुमची आन.”

मामा पाठ करून बसले. बराच वेळ बसले. वळून पाहतात तर गणपत तिथंच, हात जोडून. इतका प्रामाणिक चोर मी पुन्हा पाहिला नाही.

सूर्य निंबाआड गेला. मामांनी बंदूक उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी झोपडीमागं गेलो आणि मामीचा आवाज काढला, टिपेचा: “अवो, आयकून राह्यले का? त्या मानसाले सोडा अन् घरी या, नाई तं मीच येतो तिथं.”

मामा उठले ते स्प्रिंगसारखे. “आता काय करता,” ते लोकांना म्हणाले, “घरातून हुकूम आला.” यावर बांधावरच्या एकाही माणसानं वाद घातला नाही. गणपत वांगी तिथंच टाकून निघाला, तर मामा खेकसले, “ने बे ते. तोडलेलं काई झाडाले लागते का आता?”

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आजही त्यांची नक्कल करायला लागलो की ती भुवई जमते, पोटातला आवाज जमतो, पण त्या संध्याकाळचं बोलणं जमत नाही. घरी आल्यावर त्यांनी बंदूक खुंटीला लावली, हात धुतले आणि मला समोर उभं केलं.

“तुही मामी सकाळच्याच गाडीनं गिरड गावाले गेली. मीच बसवून देल्ली तिले.”

मी खाली मान घातली.

“मोठा नकल्या बनते. लाज नाई वाटत? आवाज काढाचाच होता, तं दुपारीच काऊन नाई काढला? दिवस बुडून राह्यला, मी तिथं देवाले हात जोडून राह्यलो, अन् तू गाढवा, फुटाने खात बसला.”