उडत्या चादरीच्या टेपवरचा आवाज

मी एक टेप पुसली. माझ्या मूर्खपणांची यादी नातवंडांना तोंडपाठ आहे, पण हा मूर्खपणा मी त्यांना कधी सांगितला नाही. आधीच सांगते – भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. कुणी अंगारा दिला तर मी त्याने चांदीची भांडी घासते!

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सोलापुरात मुलींच्या एका शाळेत मी नववीला शिकवायचे. वय चोवीस, बॉबकट, आणि आपल्याइतकी हुशार बाई जिल्ह्यात नाही असा ठाम समज. तेव्हा थिएटरात सिनेमाआधी माहितीपट लागत. त्यातला भारदस्त आवाज सांगेल ते माझ्या मुलींना खरं वाटायचं. म्हणून, ऐकलेल्यावर शंका घ्यायला शिकवायला मी एक खोटा माहितीपटच रचला... नात म्हणते, याला आता मॉक्युमेंटरी म्हणतात. चित्रं तक्त्यांवर, आवाज टेपवर. विषय – सोलापूरची उडती चादर! इतकी हलकी, की वाळत घातली तर चारही कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या. निवेदक मी, शास्त्रज्ञ मी, मिलमधला म्हातारा कामगारही मीच. रविवारी दुपारी उत्तर कसब्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत दार लावून रेकॉर्डिंग केलं. घरमालक सहकुटुंब मोडनिंबला लग्नाला गेले होते.

वर्गात नियम असा – खोटेपणाची खूण सापडली की हात वर.

"बाई, शास्त्रज्ञाचं नावच न्हाय सांगितलं!"

"बाई, म्हातारा तुमच्यासारखाच खोकतोय की!"

हसून हसून पुरेवाट. आणि पद्मा, एका तेलुगू विणकराची मुलगी, एकदम रडायला लागली.

"बाई, माझी आई बोलली."

तिची आई वर्षापूर्वी वारलेली.

"वेडी का गं तू? सगळे आवाज माझे आहेत." हे मी म्हटलं, सगळ्या वर्गासमोर, हसत. तरी टेप मागे नेली. निवेदक थांबतो आणि म्हातारा सुरू होतो, त्या मधल्या शांततेत... एका बाईचा हळू, दमलेला आवाज होता.

"बुज्जी, अन्नम तिन्नावा?"

मला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. अर्थ पद्मानेच सांगितला – जेवलीस का? बुज्जी तिचं घरातलं नाव.

"रेडिओ घुसला असेल गं मध्येच," मी ठोकून दिलं.

"उद्या वडलांना आणू का, बाई? एकदाच ऐकवा की."

"आण."

आणि संध्याकाळी मी काय केलं? दुसऱ्या तुकडीला तोच पाठ द्यायचा होता. माझा नमुनेदार पाठ बिघडत होता ना! तेवढ्या जागेवर नुसती शांतता रेकॉर्ड केली. पद्माला दिलेला शब्द विसरले होते... खरं सांगू? विसरले नव्हते. वाटलं, पोरगीच विसरेल.

दुसऱ्या दिवशी वडील आले. कामाची पाळी बुडवून, धुतलेला सदरा घालून, केसांत मागावरचा कापूस तसाच. मी टेप तीनदा लावली. तिन्ही वेळा ते डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत राहिले. मग मात्र मला राहवेना, खरं ते सांगून टाकलं. पद्मा माझ्याकडे बघेना.

पुढे जाणकार म्हणाले, टेपवर आधीचं काही राहिलं असेल. पण टेप कोरी होती, वेष्टन मीच फोडलं होतं. पन्नास वर्षं झाली. तो आवाज कुठून आला, मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी माझं ऐकून वडील उठले, दारापाशी थांबले. म्हणाले, "असू द्या, बाई. पोरीला आईचं ऐकू तरी आलं. माझ्याशी वरीस झालं, सपनात सुदिक बोलली न्हाय ती."