दीड माणूस

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. नातवंडांनी माझ्या कॉलेजातल्या दिवसांबद्दल विचारलं की मी मूळ संख्यांच्या गमती सांगायचो आणि पेठ वडगावचा भाग गाळायचो. आता डोळे पुरते जायच्या आत लिहून ठेवतो.

कोल्हापूरच्या महाराजांना गादीवर येऊन थोडीच वर्षं झाली होती. मी तिथल्याच कॉलेजात गणित शिकत होतो. आमच्या प्रोफेसरांनी अर्धं आयुष्य मूळ संख्यांत घालवलं होतं. ज्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही तेच शुद्ध गणित, असं ते अभिमानाने म्हणत. मग प्लेग आला. त्यांच्या दारावरून रोज तिरड्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी संख्यांची वही मिटली आणि माणसं मोजायला घेतली.

एका खोलीत माणसं जास्त, तिथे रोग जास्त, असा त्यांचा अंदाज होता. चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर खोलीमागची माणसं, उभ्या रेषेवर आजारी. प्रत्येक गल्लीचा एक ठिपका. वडगावच्या गल्ल्या माझ्याकडे आल्या. त्यांचा नियम एकच होता. "उंबऱ्याच्या आत जायचं. बाहेरून विचारलेलं उत्तर लिहायचं नाही. घरातला आजारी कुणी दारात आणून दाखवत नाही."

शेवटची गल्ली मुसलमान रंगाऱ्यांची होती. सात घरं, मोकळी, हवेशीर. पाठीला धान्याची वखार. गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो, कारण निळीच्या पाण्याने भरलेल्या गटारात एक मेलेला उंदीर पडला होता. दोरीवर ओली कापडं तशीच लोंबत होती. कुठे बोलण्याचा आवाज नव्हता.

कोपरापर्यंत निळे हात असलेला एक रंगारी पुढे आला.

"पावणं, तिथंच हुबा का? आमी खात न्हाय तुम्हास्नी!"

"चाचा, घरं किती, खोल्या किती, माणसं किती, तेवढं सांगा."

त्याने तिथूनच सांगितलं. मी लिहून घेतलं.

"आणि आजारी?"

"त्ये मी काय सांगू? उंदरं पडल्यात आत. माझ्या थोरल्याच्या अंगात कालपासनं ताप हाय. आत या की, बघा तरी. तुमच्या वहीत लिवलं म्हंजे सरकारी माणूस तरी यील."

"येतो," मी म्हणालो, "पुढचं घर करून येतो."

पुढे घर नव्हतं. ती शेवटची गल्ली होती, हे त्यालाही ठाऊक होतं. मी मागे न बघता थेट टांग्याच्या अड्ड्यावर गेलो.

कोल्हापुरात परतल्यावर कागदावर बाकीचे सगळे ठिपके जवळजवळ एका रेषेत आलेले दिसले. मी ती रेषा वाढवली आणि रंगाऱ्यांच्या गल्लीत आजारी किती असायला हवेत ते काढलं. उत्तर दीड आलं. दीड माणूस कसा आजारी पडणार? मी एक लिहिला.

प्रोफेसरांनी कागद उजेडात धरला आणि नेमक्या त्याच ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा बघ, किती अचूक बसलाय!" त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मीही मान डोलावली. त्याच दिवशी तो तक्ता प्लेगच्या अधिकाऱ्याकडे गेला. कोणती गल्ली आधी रिकामी करून माणसं माळावरच्या झोपड्यांत हलवायची, हे त्यावरून ठरणार होतं. रंगाऱ्यांची गल्ली यादीत सर्वांत शेवटी लागली.

तिची पाळी आली तेव्हा सातांपैकी चार घरांत हलवायला कुणी उरलं नव्हतं. त्या रंगाऱ्याची बायको आणि दोन्ही मुलगे गेले. प्रोफेसरांनी हे ऐकलं आणि आपलीच रेषा चुकली असं मानलं. माणसांना गणित लावण्याचा आपल्याला अधिकार नव्हता, एवढंच म्हणून त्यांनी मूळ संख्यांची वही पुन्हा उघडली. मी समोरच बसलो होतो.

पुढे कित्येक वर्षांनी कोल्हापूरच्या शाहूपुरीत कापड रंगवायच्या एका दुकानाच्या पायरीवर मला ते निळे हात दिसले. मी तोंड फिरवणार, तोच हाक आली.

"मास्तर! वही घेऊन आल्तासा की वडगावात! बसा. आमच्या गल्लीच्या तोंडापतूर तरी तुम्ही आलासा. दुसरं कोण आलं?"

मी बसलो. त्याने दिलेला चहा प्यायलो. खरं काय ते सांगायचं म्हणून पुढे दर वर्षी जात राहिलो आणि जाताना निमित्ताला एक फेटा रंगवायला नेत राहिलो.

"एवढं फेटं बांधायला डोस्की किती हायत मास्तर तुम्हास्नी?" तो हसायचा. मीही हसायचो आणि रंग पक्का आहे ना, असं विचारून उठायचो.

एका वर्षी गेलो तर दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या. शेजाऱ्याने सांगितलं, मागच्याच महिन्यात म्हातारा गेला. हातात फेटा होता, आणि वाटेत पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं: चाचा, त्या दिवशी मी आत आलो नाही, आणि आत जाऊन आल्यासारखा आकडा लिहिला, मला माफ करा.