घंटीची पेटी

दुष्काळातल्या त्या वर्षी कर्जतकडच्या आमच्या शाळेत पाण्याच्या टँकरआधी यंत्र आलं. नगरच्या एका साहेबांनी ते स्वतः तयार केलं होतं. लाकडी पेटी, वर प्रश्नाची पट्टी, खाली चार बटनं, आत टॉर्चचे सेल. बरोबर उत्तराला हिरवा दिवा, चुकीच्या उत्तराला घंटी. मुलं आता खेळता खेळता शिकतील, असं साहेब नारळ फोडल्यावर बराच वेळ सांगत होते. भाषण संपायच्या आत मुलांनी खोबरं संपवलं.

पेटीवर जो पहिला येईल त्याला नगरच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. म्हणजे दोन वेळचं जेवण. माझी आशा चौथीतल्या एका मुलीवर होती. तिचा बाप जनावरं घेऊन छावणीत होता, आई खडी फोडायला जायची. जागा मिळाली नाही तर सोमवारपासून तीही खडीवर जाणार, हे घरात ठरलेलं होतं. तोंडी विचारलेलं गणित तिचं सहसा चुकत नसे.

पेटीपुढे बसून तिनं एकामागून एक चुकीची बटनं दाबली. दर घंटीला ती दाराकडे बघायची, आणि बाहेर बसलेली पोरं ताटल्या घेऊन उठायची. आमची शाळा माझ्या ओरडण्यावर भरायची आणि सुटायची; घंटी वाजायची ती फक्त सरकारी खाऊ, सुकडी, वाटताना.

उत्तरं येत नव्हती का, असं मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"येत्यात की गुरुजी. पन बरोबर दाबलं की घंटीच वाजत न्हाई."

मी साहेबांना म्हटलं, तारा उलट्या जोडू, घंटी बरोबर उत्तराला लावू आणि तिला पुन्हा बसवू. साहेबांनी चष्मा पुसला.

"गुरुजी, मुलांनी यंत्र समजून घ्यायचं असतं. यंत्रानं मुलांना नाही."

जागा एका पोट भरलेल्या मुलाला मिळाली. त्याला घंटीचं काही वाटलं नाही.

साहेबांची जीप गेल्यावर मी तारा उलट्या जोडल्या. वर्ग एकदम हुशार झाला. घंटी सारखी वाजायची आणि मुलं सारखी दाराकडे बघायची. सुकडी मात्र ठरल्या वेळेलाच यायची, कधी तेव्हाही नाही.

सोमवारी ती मुलगी आईमागून शाळेवरून खडीकडे चालली होती. आत कुणाचं तरी उत्तर बरोबर आलं. घंटी ऐकून ती थांबली, दारापर्यंत आली, तिनं मुलांच्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते. मग आईला गाठायला ती पळत गेली.