बर्फ न पडलेल्या गावातले इंग्रजी

काशिनाथअप्पा बिडवे सरांची आणि माझी पहिली भेट पूर्ण्याच्या बसस्थानकावर झाली. मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. बाकावर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. समोरची गाडी शाळेच्या गावाला जाते का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "काल गेली होती." गाडीत आम्ही शेजारीच बसलो. ते त्याच शाळेत इंग्रजी शिकवतात हे मला उतरल्यावर कळले. मी तसे विचारले नव्हते.

सरांच्या अध्यापनाचा नियम एकच होता. वर्गात बोललेले प्रत्येक इंग्रजी वाक्य खरे असले पाहिजे. "दिस इज अ लायन" हे वाक्य त्यांच्या वर्गात कधी उच्चारले गेले नाही. म्हैस मात्र खिडकीतून रोज दिसे, त्यामुळे म्हशीच्या बाबतीत आमच्या मुलांचे इंग्रजी उत्तम होते.

आठवीच्या पुस्तकात 'स्नो' हा शब्द आला. धड्याचे पहिलेच वाक्य होते, "इट इज स्नोइंग." वर्गाला स्नो माहीत होता. तो आरशाजवळच्या डबीत असतो आणि लग्नाला जाताना तोंडाला लावतात. सरांनी हा अर्थ फळ्यावर सर्वांत वर लिहिला, कारण तेवढाच सर्वांनी पाहिलेला होता. आकाशातला स्नो त्याखाली आला. तो नाम आहे, तोच क्रियापदही आहे, आणि तो मोजता येत नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले की मग दुकानदार विकतो कसा. सर म्हणाले, तो डब्या मोजतो.

पण "इट इज स्नोइंग" म्हणता येईना. म्हणून वर्ग उरलेल्या वाटांनी गेला. काल बर्फ पडला नाही. आत्ता पडत नाही. या गावात कधीच पडलेला नाही. सगळे काळ आणि सगळे नकार मुलांना येऊ लागले. 'उद्या पडणार नाही' हे वाक्य सरांनी राखून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ते भूतकाळात करून घेतले. वेचणीचा कापूस बर्फासारखा दिसतो, असे एकाने लिहिले. दोन्ही पाहिलेस का, एवढेच सरांनी विचारले. पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "सर, लय झालं. बर्फाची वाट बघू नका, पुढं चला."

त्यांची घाई रास्त होती. शाळा आठवीपर्यंतच होती आणि नववीच्या मान्यतेसाठी तपासणी व्हायची होती. मान्यता मिळाली नाही तर मुलांनी बसने बाहेरगावी जायचे आणि मुलींनी घरी बसायचे, असे गावात धरून चालत. आठवीतल्या मुक्ताच्या वडिलांनी तर तसे बोलूनच दाखवले होते.

मान्यतेला प्रयोगशाळा लागते. ती आमच्याकडे नव्हती. मुख्याध्यापकांनी शेजारच्या शाळेतून सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या आणि एक सांगाडा टेम्पोने मागवला. सांगाडा ड्रायव्हरशेजारी बसून आला. मग त्यांनी स्वतः आठवीची तयारी घेतली. चित्राकडे बोट केले की "इट इज स्नोइंग" म्हणायचे. बिडवे सरांनी विरोध केला नाही. मी शिकवणार नाही, एवढेच म्हणाले.

तपासणी अधिकारी एप्रिलच्या दुपारी आले. घाम पुसत त्यांनी पुस्तक उघडले, मुक्ताला उभे केले आणि चित्रात काय चालले आहे ते इंग्रजीत सांगायला सांगितले. मुक्ताने चित्र पाहिले, मग खिडकी पाहिली.

"इट इज नॉट स्नोइंग, सर."

"पण चित्रात?"

"चित्रात पडायलाय, सर. हितं न्हाई."

अधिकाऱ्यांनी पुस्तक मिटले. हा वर्ग काय प्रकारचा आहे हे त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी मराठीत विचारले, "शाळेत प्रयोगशाळा आहे का?"

मुख्याध्यापक खोकले. आपली नववी या उत्तरावर आहे, हे मुक्ताला माहीत होते.

"आज हाय, सर," ती म्हणाली.

अधिकारी बिडवे सरांकडे पाहू लागले. वाक्य बरोबर आहे, असे सरांनी सांगितले. निघताना अधिकारी मुख्याध्यापकांना म्हणाले, "जूनमध्ये पुन्हा येतो. तेव्हा 'आज' नको."

त्या संध्याकाळी मुक्ताला साऱ्या गावाने ऐकवले. सर तिच्या घरी गेले. जूनपर्यंत पोरीचे काही ठरवू नका, असे त्यांनी तिच्या वडिलांना विनवले. वडील म्हणाले, प्रयोगशाळा होईल असे एकदा तोंडाने म्हणा. सरांना ते म्हणवेना. बाह्या दुमडत ते म्हणाले, "करायलोय, अण्णा."

त्या सुट्टीत सरांचे पूर्णा जंक्शनवरून हिमाचलचे आरक्षण होते. बर्फ एकदा डोळ्यांनी पाहून यायचा होता. ते त्यांनी रद्द केले. हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी त्यांच्या पत्नीकडून कळले. मे महिनाभर ते आणि मुक्ताचे वडील शिक्षकांच्या खोलीत फळ्या ठोकत होते. परभणीच्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी सूक्ष्मदर्शक दिला, कापसाच्या जिनिंगवाल्यांनी टेबल दिले. सांगाडा काही मिळाला नाही. शिक्षक तेव्हापासून व्हरांड्यात बसतात.

जूनमध्ये मुक्ता नुसते "हाय, सर" म्हणाली. तरीही अधिकाऱ्यांनी कपाट उघडून पाहिले, कारण त्यांना आमच्या मुख्याध्यापकांचा अनुभव होता. नववी सुरू झाली.

सरांच्या साठीनिमित्त निघालेल्या या गौरवग्रंथाची संपादक मुक्ता आहे. माझ्या मसुद्यातला 'ऋषितुल्य' हा शब्द तिने खोडला. तुम्ही ऋषी पाहिलाय का, असे तिने फोनवर विचारले. 'अष्टपैलू'ही त्याच मार्गाने गेला. उरले ते येथे छापले आहे.

सर साठ वर्षांचे झाले. बर्फ त्यांनी अजून पाहिलेला नाही. पुन्हा आरक्षण कधी, असे विचारले तर गुडघ्यांना विचारून सांगतो म्हणतात. सरांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या गुडघ्यांचा होकार येवो. मग एके दिवशी डोंगरावरून त्यांचा फोन येईल आणि आठवीच्या धड्यातले पहिले वाक्य ते म्हणतील. ते आम्ही न पाहता खरे मानू.